रंगराव तात्यांची गॅरंटी

रंगराव तात्या कुणालाही कशाचीही गॅरंटी देत. म्हशीची, डॉक्टरची, पाहुण्यांकडच्या स्थळाची. छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "मी हाय न्हवं?" फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, कुंडल गावात त्यांचा शब्द चाले. पलूसला मी म्युच्युअल फंडाचं छोटं ऑफिस चालवते. तिथं त्यांची ही सवय मला फार नडली.

छोट्या कंपन्यांच्या शेअर्सचा एक फंड तेव्हा जोरात वाढत होता. तात्यांनी साठवलेले पैसे त्यात घातले. वर्षभरात आकडा फुगला आणि ते रोज सकाळी दूध डेअरीवर सगळ्यांना मोबाइल दाखवू लागले. मी वैतागून सांगायची, "तात्या, हे जसं चढतं तसंच आपटतं. सात-आठ वर्षं लागणार नाहीत तेवढेच पैसे यात घालायचे. इथं गॅरंटी नसते."

"आवं मॅडम, कागदावर नसंल. मी हाय न्हवं?"

एकदा ते कमलबाईंना घेऊन आले. नवरा गेलेला, शाळेत खिचडी शिजवायच्या. दोन वर्षांनी मुलीला नर्सिंगला घालायचं होतं. मी म्हटलं, "मग बँकेतच ठेवा." तात्या भडकले. "बँकेत काय मिळतंय? भरा फॉर्म!" मी आणखी दोनदा नको म्हटलं आणि फॉर्म भरला.

मुलीच्या प्रवेशाच्या तोंडावरच बाजार कोसळला. तात्यांच्या शब्दावर पैसे घातलेली डेअरीवरची माणसं त्यांना घेरू लागली. कमलबाई ओरडल्या नाहीत. ऑफिसात येऊन एवढंच म्हणाल्या, "पुढल्या आठवड्यात फी भरायची हाय." घातलेल्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला होता.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. "माझं समदं इका. कमलची तूट मी भरतो."

"आत्ता विकलंत तर तोटा कायमचा होईल! थोडं थांबा."

"मी थांबंन. कॉलेज थांबतंय व्हय?"

मी तासभर डोकेफोड केली. ते ऐकेनात. सही करून निघून गेले, आणि त्यानंतर डेअरीवर यायचेही बंद झाले.

दोन-अडीच वर्षांत फंड सावरला, वर गेला. जे थांबले ते आता मिशीला पीळ देत फिरतात. तात्यांचं नाव कुणी काढत नाही. याचीच चीड येऊन मी साताऱ्याला गेले; तात्या आता तिथं लेकीकडे राहत होते. ते थकले होते.

"थांबला असतात तर आज…" मी सुरू केलं.

"कमलची पोर काय करती?"

"शेवटच्या वर्षाला आहे."

"बरं झालं."

मला राहवेना. "तात्या, माझ्यावर का नाही चिडलात कधी? फॉर्म तर मीच भरला होता."

"तुमी मला सांगितलं व्हतं. मीच ऐकलं न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पर कमलला घरला जाऊन, माझ्या माघारी, नीट सांगायला पायजे व्हतं तुमी. ती मला भ्याली. तुमी कशाला भ्यायचं?"

पुढच्या महिन्यात तात्या गेले.