सड्यावरची पेटी

महाडहून पोलादपूरकडे जाताना वर चढून गेलं की आमचं गाव लागतं. गावामागे कातळाचा मोठा सडा आहे. गेल्या शिमग्यात तिथे एक पेटी येऊन बसली. चिप बनवणाऱ्या एका कंपनीला कारखान्यासाठी जागा हवी होती, आणि बघितलेल्या तीन-चार जागांत आमचा सडा होता. त्यांची यंत्रं इतकी नाजूक, की जमिनीचा बारीक कंपही चालत नाही. ही पेटी तीन दिवस तो कंप मोजणार होती.

पेटीबरोबर आलेला सूचनांचा कागद इंग्रजीत होता. मी सणाला शहरातून गावी आले होते, आणि इंग्रजी माध्यमात शिकलेली म्हणून वडिलांनी मला गावकीच्या बैठकीत उभं केलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पुढची बाजू कशीबशी वाचली, "जमीन हलता कामा नये," एवढं सांगितलं आणि खाली बसले. कागद उलटलाच नाही.

गावाने माझं बोलणं मनावर घेतलं. भाताची गिरणी बंद झाली. गुरं पलीकडच्या उतारावर गेली. पालखी निघाली तीही ढोलाशिवाय, आणि माणसं अनवाणी, हळूहळू नाचली. शेजारच्या काकीने मिरच्या कांडायच्या थांबवल्या. तिचा मुलगा चाकणला कारखान्यात आहे. हा कारखाना आला तर तो घरी येईल, असं ती कोणाला म्हणाली नव्हती, पण त्याच्या खोलीत तिने नवा पंखा लावून घेतला होता.

तिसऱ्या दिवशी कागद परत द्यायचा म्हणून मी तो हातात घेतला आणि मागची बाजू दिसली. रोजचे व्यवहार नेहमीसारखे चालू ठेवा, नाहीतर मोजणी उपयोगाची नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं.

मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. तरी आधी काकीकडे गेले.

"म्हंजे आपली जमीन गप हाय असंच त्यांना दिसलं ना?" ती म्हणाली. "मग तू पण गप ऱ्हा."

"कारखाना झाल्यावर मिरच्या कधीच कांडणार नाहीस का, काकी?"

तिने कोपऱ्यातलं मुसळ उचलून हातात घेतलं. "लहानपणी हाक मारली तरी बोलायची नायस. आजच बरं तोंड फुटलं गो तुला!"

संध्याकाळी पेटी न्यायला आलेल्या कंपनीच्या इंजिनीयरला मी सगळं सांगितलं. त्याने कपाळ चोळलं आणि पेटी अजून तीन दिवस ठेवली. गिरणी सुरू झाली, गुरं परतली. पालखी पुन्हा काढली, या वेळी ढोलासकट. काकीने उखळ मुद्दाम सड्याच्या बाजूच्या अंगणात ओढून आणलं.

पेटी उचलायच्या दिवशी ती इंजिनीयरसमोर जाऊन उभी राहिली. "यात माझं कांडण कुठलं, दाव." त्याने लॅपटॉपवर बारीक दातांची एक रेघ दाखवली.

"एवढंसंच? मग चालंल त्यांना."

कंपनीचा निर्णय अजून आलेला नाही. मी गावी गेले की काकी दारातूनच विचारते, "कागद आला काय गो? आला तर दोन्ही बाजू वाच हां."