चौघांपुरतं यंत्र

मलसून म्हणजे 'शेवटची'. आता मुली पुरे झाल्या, म्हणून बापानं ठेवलेलं नाव. लग्नानंतर ते नाव कुणी घेतलं नाही, कारण कोरियातल्या गांगनुंगच्या बाजारात बाईला पोराच्या नावानं हाक मारतात. सुक्या म्हाकूळ मासळीच्या दुकानात बसणारी ती इन्हवानची आई. मग इन्हवान धक्क्यावरून लाटेबरोबर गेला, आणि अख्खा बाजार तिला धाकटीच्या नावानं, 'बोराची आई' म्हणायला लागला. चांगल्या मनानंच हो. पण चांगल्या मनाची माणसंही कधीकधी काय जिवावर उठतात!

इन्हवान समुद्रकाठच्या एका कॉफीच्या दुकानात कामाला होता. घरात मात्र पिवळ्या पुडीतली, साखर-दुधासकटची कॉफी. "आई, ही कॉफी नव्हे, साखरपाणी आहे," म्हणून तो नाक मुरडायचा.

आईबापांच्या आधी गेलेल्या बिनलग्नाच्या पोराचं श्राद्ध करत नाहीत. पान नाही, धूप नाही. थोरल्यानं धाकट्यापुढं वाकायचं कसं? मलसूनचा नवरा दोकचिल याबाबतीत पक्का होता. पोराचं नाव काढणंसुद्धा त्यानं सोडलं होतं.

तीन वर्षं गेली आणि इन्हवान मलसूनच्या स्वप्नात यायला लागला. स्वयंपाकघराच्या दारात उभा, केस ओले. ती पुडीची कॉफी पुढं करायची. तो कपाकडे बघायचा, तिच्याकडे बघायचा, आणि न बोलता वळायचा. पहाटे उठून पाहावं तर दाराशी फरशी ओली.

"फ्रीज गळतोय," दोकचिल म्हणायचा.

फ्रीज पलीकडच्या भिंतीला होता. ती फडक्यानं फरशी पुसायची, फडकं नाकाशी धरायची. खारट वास यायचा. भीती वाटायची का? वाटायची तर! पण ते फडकं पिळून टाकायला तिचा हात धजायचा नाही.

पोर तहानेलं फिरतंय, एवढं तिला कळलं. दुधाची तहान ताकावर किती दिवस भागवायची? सासऱ्यांचं श्राद्ध तोंडावर आलं होतं. पोराचं पान मांडता येत नसेल, न येवो. पण आजोबा जेवायला येतील तेव्हा नातू बोट धरून येईलच की! त्याला एक कप तरी धड मिळाला पाहिजे. तिनं कुणाला कारण सांगितलं नाही. "घरासाठी कॉफीचं यंत्र घ्यायचंय," एवढंच म्हणाली, आणि नवऱ्याला नि लेकीला घेऊन दुकानात गेली.

"आई, घरात पिणारी माणसं किती?" दुकानदारानं विचारलं.

"चौघं."

"तिघं," दोकचिल म्हणाला.

"चौघं म्हटलं ना!"

बोरानं घाईघाईनं एक गुळगुळीत डबा दाखवला. "आई, हे घे. एक बटण दाबलं की दळतंही तेच, कॉफीही तेच काढतं. मनगट दुखतं ना तुझं?"

"बटण तर रस्त्यावरच्या नाणं टाकायच्या डब्यालाही असतं. मला दांड्याचं हवं. कॉफी भरलेला दांडा मनगट वळवून बसवायचा."

कोण असं बसवायचं, ते कुणी विचारलं नाही.

"मग ग्राइंडर वेगळा लागेल," दुकानदार म्हणाला. "काटकसर करायचीच तर यंत्रात करा, ग्राइंडरमध्ये नको. भरड दळलं तर पाणी सर्रकन निघून जातं. फार बारीक झालं तर थेंब पडत नाही."

"मिरची कांडणाऱ्याच्या शेजारी जन्म गेला माझा. मला दळण शिकवतोस होय रे?"

"एवढ्या पैशांत जुनी होडी आली असती," दोकचिल पुटपुटला.

"समुद्रानं आपलं फार भलं केलंय ना!"

दुकानदारानं एकेक ग्राइंडर सुरू करून दाखवला. पहिला नुसता गुणगुणला. दुसरा खरखरत घुमला आणि मलसूनच्या अंगावर सर्रकन काटा आला. पोराच्या दुकानात शिरताना हाच आवाज कानावर यायचा. तिनं मागं वळून दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. "हाच द्या," ती म्हणाली, आणि पैसे काढायला लागली.

पहिल्या कॉफ्या कडूजहर झाल्या, मग पाणचट. बोरा हसली, "आई, हे इंजिन ऑइल कुणाला पाजणार?" पण मलसून हट्टाला पेटली होती. श्राद्धाच्या संध्याकाळी कपात मधासारखी दाट धार पडली. तिनं तो कप सासऱ्यांच्या पानाच्या कडेला नेऊन ठेवला.

"बाबांनी उभ्या जन्मात कॉफी घेतली नाही," दोकचिल म्हणाला.

"बाबांसाठी नाहीच ती."

आता नवरा कप उचलून फेकणार, असं तिला वाटलं. दोकचिलनं कपाकडे पाहिलं आणि धूप लावला.

गेलेल्यांना निवांत जेवता यावं म्हणून दार लोटून सगळे बाहेर येऊन उभे राहिले. घरचा कर्ता खाकरला की आत जायचं. दोकचिल खाकरेना. आत चिटपाखरू नव्हतं, तरी तिघंही कान देऊन उभी होती.

"बाबा, झालं की. खाकरा ना," बोरा कुजबुजली.

दोकचिलनं दारावरची नजर हलवली नाही.

"थांब जरा," तो म्हणाला. "इन्हवानला गरम सोसत नाही. निवू दे."