वाढलेल्या बांगड्या

काचेच्या बांगड्यांची किणकिण ऐकली, की माझा जीव अजून जागेवर राहत नाही बघा. तुळजापुरात आमचं बांगड्यांचं दुकान, अन् भरायला बसायचे आमचे मालक. हैदराबादला त्यांना दुसऱ्याची फुप्फुसं बसवली. घरी आले, दम लागायचा थांबला, पण हात सारखे मांडीखाली दाबून बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "थंडी वाजतीय." ऐन उन्हाळ्यात थंडी! शेवटी मीच मनगट पुढं केलं, "भरा बघू." पहिली बांगडी त्यांच्या थरथरत्या बोटांतच वाढली, दुसरीही वाढली. फुटली म्हणायचं नसतं आमच्यात. मास्कमधून ते पुटपुटले, "डॉक्टरला सांगू नगंस. हे गोळ्यांमुळंच होतंय. त्यांनी गोळी कमी केली अन् अंगानं फुप्फुसं नाकारली, तर?" "अन् तीच गोळी डोक्यात भिनली, तर?" म्हणत मी फोन लावलाच. रक्त तपासलं, औषध जास्त झालेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी जराशीच कमी केली, अन् मी कितीतरी दिवस त्यांचा श्वासच मोजत बसले. आता थरथर बरीच उतरलीय. तरी रोज दुकान उघडायच्या आधी मी मनगट पुढं करते. "अगं, झालं की आता!" ते चिडतात. पण बांगडी चढेस्तोवर श्वास माझाच अडकलेला असतो.