बाळकुमच्या खाडीवरचा पेपर बाळकुमला मिळाला नाही

बाईंनी आम्हाला फसवलं.
आज सकाळी त्या गेल्या, तरी हे वाक्य मी मागे घेणार नाही.

बाई ठाण्यात कॉलेजात झूलॉजी शिकवायच्या. ऐंशीच्या दशकात बाळकुमला खाडीवर आल्या.
होडी माझी, वही त्यांची.
तीन वर्षं आम्ही निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारी मासळी, मोजल्या. कुठल्या ओहोटीला कुठली मासळी मरून वर येते, ते मी सांगायचो, बाई संशोधनाच्या पेपरसाठी लिहायच्या.

मी सातवी नापास. डिक्शनरी आणून घरीच इंग्रजी शिकलो, आमचा पेपर वाचता यावा म्हणून.

परदेशातल्या जर्नलने पेपर घेतला. बाई पेढे घेऊन आल्या.
त्या आनंदात जर्नलच्या फॉर्मवर न वाचताच सही करून बसलेल्या. सगळे हक्क जर्नलला!

बाईंना छापील प्रती आल्या पंचवीस. तेव्हाची रीत अशी, की ज्याचं मागणीचं कार्ड येईल त्याला प्रत पाठवायची.
जर्मनी, जपान, कुठून कुठून कार्डं आली. प्रती गेल्या.

मग खाडीत येणाऱ्या कारखान्याच्या घाण पाण्याविरुद्ध आम्हा कोळ्यांची सुनावणी लागली.
साहेब म्हणाला, "मेलेले मासे काय दाखवता? छापील पुरावा आणा."

सायकल मारत वर्तकनगरला बाईंच्या घरी गेलो.
"एकच प्रत उरलीय रे काशिनाथ, ती मला लागते. आणि झेरॉक्स द्यायची परवानगी नाही. सही केलीय मी, नोकरीवर येईल."
"बाई, खाडी आमची आहे!"
"मग तू कार्ड का नाही टाकलंस?"
"रोज होडीत समोर बसणाऱ्याने कार्ड टाकायचं?"
बाईंनी प्रत कपाटात ठेवली.

आम्ही हरलो. पुढे मी जाळी विकली, वॉचमन झालो.

नव्वदीच्या शेवटी बाई सभांमधून बोलायला लागल्या. संशोधन सगळ्यांना फुकट वाचता आलं पाहिजे म्हणून. मलाही आग्रहाने बोलावलं.
टाळ्या खूप पडल्या. बाळकुमचं नाव नाही निघालं.

बाहेर गाठलं. "बाई, आपला पेपर?"
"तो आता माझा कुठे राहिला रे."

आपलेच दात, आपलेच ओठ. सांगणार कुणाला?

बाई, तुमची चळवळ आज केवढी वाढली. पोरं घरबसल्या जगभरचं वाचतात. बरं वाटतं.
आमचा पेपर मात्र अजून त्या जर्नलच्या कुलपात आहे, पैसे भरले तरच उघडतो. मी तो एकदाही वाचलेला नाही.

दुपारी येतोय तुम्हाला पोचवायला. राग घेऊनच येतोय.
बाई, नमस्कार.