तारीख न मागणारा वकील

मुलांनो, आमच्या खालच्या मजल्यावर एक तरुण वकील राहायचा. दिंडोशी कोर्टात जाताना विचारायचा, "काय आजी, आज कोणाशी भांडू?" बाकीचे वकील पुढची तारीख मागत, हा कधीच मागत नसे.

आमच्या कामवाल्या कमलची खोली तिचा दीर बळकावत होता. तिचा खटला याच्याकडे होता. मधेच त्याला मोठा आजार जडला. तो बळावला तेव्हा न्यायाधीशांनीच त्याला पुढची तारीख देऊ केली.

"घ्या ना दादा, घरी जा," कमल कुजबुजली.

"गप गं. तुझा दीर खूश होईल."

खुर्चीत बसून त्यानं युक्तिवाद पुरा केला.

कमलच्या बाजूनं निकाल लागला तेव्हा तो नव्हता. चाळिशीही गाठली नाही त्यानं. त्याच्या दारावरून जाताना कमल अजून कमरेला खोचलेली आपल्या खोलीची किल्ली चाचपते.