नावाची बाजू

मांडणीकाकी कुणाच्याही घरात शिरली की आधी माणसांकडे बघत नसे, फळीकडे बघे. दारात चपला काढता काढताच तिची नजर समोरच्या भिंतीवरच्या डब्यांवरून, ताटांवरून, पेल्यांवरून फिरून येई आणि मग ती घरातल्या बाईला विचारी, "काय वं, बरं नही का?" बहुतेक वेळा खरंच काहीतरी बिनसलेलं असे. ताटं उलटसुलट लागली असतील तर रात्री भांडण झालंय आणि साखरेचा डबा मागे सरकला असेल तर महिनाअखेर आलीय, हे तिला न सांगता कळे. "फळी घरनं तोंड शे," ती म्हणायची. अहिराणीतच बोलायची, आणि मोठ्यानं बोलायची, कारण तिचे यजमान, नाना, आयुष्यभर लूमवर काम करून बहिरे झालेले होते.

आम्ही गुजरातेत, बमरोलीला राहायचो. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. खानदेशातून आलेल्या कुटुंबांची गल्ली, आणि तिच्या मागच्या अंगाला लूमची खाती, म्हणजे यंत्रमागाचे कारखाने. ती सुरू असली की आमच्या भिंती थरथरत आणि फळीवरची भांडी मुंगीच्या पावलानं पुढे सरकत. सकाळी भिंतीला टेकवलेला पेला संध्याकाळी फळीच्या काठावर आलेला असे. लग्न होऊन गावाकडून आलेल्या मुलीला हे ठाऊक नसे. ती माहेरच्यासारखी दाटीवाटीनं भांडी रचायची, आणि पहिल्याच आठवड्यात सगळी चळत धाडकन खाली यायची. तो आवाज ऐकला की गल्ली म्हणे, "बोलवा मांडणीकाकीला."

मग काकी यायची ती कापडाची थैली घेऊन. थैलीत फेंट असायचं, म्हणजे पांडेसऱ्याच्या मिलमधून निघालेले साड्यांचे नाकारलेले तुकडे. त्यांची दुहेरी घडी करून ती फळीवर अंथरायची आणि पुढच्या काठाला त्याचीच झालर सोडायची, कात्रीनं पानंफुलं कापून. कापडामुळे भांडं सरकत नसे आणि झालरीमुळे फळीचा ओबडधोबड काठ झाकला जाई. उंच भांडी मागे, बुटकी पुढे. स्टीलच्या रांगेत एखादं पितळेचं. रोज लागतं ते हाताशी, शोभेचं ते वर. "भांडाले भांडं लागाले नको, नाहीतर दिनभर भांडत बसतीन," असं म्हणून ती दोन भांड्यांत बोटभर फट सोडायची. आणि मधल्या फळीवर थोडी जागा रिकामीच ठेवायची. नवी नवरी तिथं काहीतरी ठेवायला गेली की तिचा हात धरायची. "ऱ्हाऊ दे. खाली जागा बी भांडंच शे."

आमच्या घरातली मांडणी तिला बघवत नसे. आई गेल्यानंतर घरात आप्पा आणि मी, दोघंही मिलमधले. फळीवर एका बाजूला स्टोव्हची पिन, दाढीचं सामान, औषधाच्या बाटल्या. दुसऱ्या बाजूला चार ताटं. काकी दारातूनच तोंड फिरवायची. माझ्यासाठी आलेली स्थळंही अशीच दारातून फिरत होती. मुलीकडचे लोक घर बघायला येत, चहा घेत, फळीकडे बघत आणि आठवड्याभरानं निरोप येई: घरात बाई नाही, पोरीला बोट धरून शिकवणार कोण?

त्यात अंमळनेरकडचं सुनंदाचं स्थळ आलं. एका नातेवाइकाच्या लग्नात मी तिला पंगतीत वाढताना पाहिलं होतं आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नव्हतं. तिचे मामा आणि आत्या रविवारी घर बघायला येणार असं कळलं आणि माझी झोप गेली. मी काकीकडे गेलो.

"काकी, काहीतरी कर."

"मी करसू आनि तू बघशी का? ये, शिक."

तिनं माझ्याकडूनच सगळं उतरवून घेतलं. फळ्या धुऊन घेतल्या, ब्रॅकेटचे सैल खिळे ठोकून घेतले. झालरही माझ्याच हातानं कापून घेतली. निळ्या जॉर्जेटवर पांढरी फुलं, मी स्वतः छपाईखात्यातून आणलेलं. पण शेवटी फळीवर ठेवायला होतं काय? आईची चांगली भांडी गावी थोरल्या काकांच्या घरी राहिली होती. चार ताटं, थोडे पेले, एक डबा. काकीनं ती इतकी छान लावली की क्षणभर मलाही पुरेशी वाटली. पण मग मी पाहुण्यांच्या डोळ्यांनी बघितलं आणि ती चारच ताटं दिसली.

गल्लीला कसा वास लागतो कोण जाणे. शनिवारी दुपारी एकेक बाई पदराखाली झाकून भांडी आणू लागली. कुणी घडा, कुणी पेल्यांचा संच, कुणी कडीचा डबा. पलीकडच्या हंसाबेननं तर त्यांच्या अभराईवरची, म्हणजे उंच फळीवरची, झळझळीत ताटं उतरवून आणली. "अमारे त्यां तो अभराई खाली होय तो वहु रिसाई जाय," त्या हसत म्हणाल्या; फळी रिकामी असली तर सून रुसते म्हणे. काकी मात्र हसत नव्हती. ती येणारं प्रत्येक भांडं हातात घेऊन फिरवून बघत होती.

आपल्याकडे भांडं नुसतं नसतं, त्याच्यावर नाव असतं. लग्नात मिळालेल्या भांड्यावर देणाऱ्याचं, घरच्या भांड्यावर घरधनिणीचं, आणि एखादं कुणाच्या स्मरणार्थ वाटलेलं. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली ती नावं त्या दुपारी माझ्या फळीवर गर्दी करून बसली होती, आणि त्यांत आमचं एकही नव्हतं. मी काकीला विनवलं, "नावाची बाजू भिंतीकडे कर." तिनं मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही, म्हणून तिच्या देखतच मी प्रत्येक भांडं हातानं फिरवून नाव भिंतीकडे केलं. ताटांची नावं झाकायला पुढे डबे लावले. मधली रिकामी जागासुद्धा भरून टाकली.

रविवारी सकाळी पाहुण्यांना आणायला मी उधना स्टेशनवर गेलो. घरात आप्पा आणि काकी. परत येताना वाटभर मी मामांना खात्याची, पगाराची, पाण्याच्या नळाची माहिती देत होतो आणि ते फक्त "हं" म्हणत होते. दारात पाऊल टाकलं आणि माझी नजर आधी फळीवर गेली.

सगळी नावं पुढे होती.

प्रत्येक पेला, प्रत्येक डबा, आमच्याकडे तोंड करून उभा. आणि मधल्या फळीवर जागा करून, तिच्या मधोमध एक जुना, थोडा चेपलेला पितळी तांब्या ठेवलेला. आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि पुटपुटले, "लूमच्या हादऱ्यानं फिरली असतील."

"लूमले वाचता येस का?" काकी स्टोव्हपाशून म्हणाली, चांगली मोठ्यानं.

मामा शाळेत शिपाई होते, अक्षर दिसलं की वाचायची सवय. पाणी पिता पिता त्यांनी पेला फिरवला. "सौ. इंदूबाई," त्यांनी वाचलं. मग उठून फळीजवळ गेले. "हा डबा दगडू आत्मारामच्या लग्नातला. हे कुणाच्या स्मरणार्थ आहे. आणि हे काय? गुजराती?" दारात घुटमळणाऱ्या हंसाबेन पटकन म्हणाल्या, "ए तो मारुं नाम छे, हंसा!" मी जमिनीकडे बघत होतो. मला वाटत होतं, आता हे उठतील, आता उठतील.

आत्या उठल्या. फळीपाशी जाऊन त्यांनी तो पितळी तांब्या उचलला. "वत्सला," मामांनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

"ही वत्सला कोण?" आत्यांनी विचारलं.

मी आप्पांकडे बघितलं, आप्पांनी माझ्याकडे. आमच्या गल्लीत या नावाची बाई नव्हती.

"ती मीच शे," मांडणीकाकी म्हणाली.

वर्षानुवर्षं शेजारी राहून आम्हाला तिचं नाव माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. त्या घाबरलेल्या अवस्थेतही ही गोष्ट मला टोचली, आणि अजून टोचते.

पाहुणे चहा घेऊन गेले. होयही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. संध्याकाळी मी काकीवर ओरडलो. माझं लग्न तू मोडलंस, असं म्हणालो. तिनं शांतपणे एकेक पेला फडक्यानं पुसला.

"लगीन तुनं एकलानं शे का? सुनंदानं बी शे."

मग तिनं सांगितलं. ती लग्न होऊन नानांच्या घरी आली तेव्हा तिच्या सासरची फळी अशीच भरलेली होती. तिच्या वडिलांनी घर बघून, फळी बघून होकार दिला होता. हळद उतरली नव्हती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक शेजारीण आली, "आमची परात न्यायची होती." तिच्या मागून दुसरी आली. दुपारपर्यंत बायका येत राहिल्या, आणि कोपऱ्यात बसलेल्या नव्या नवरीसमोर फळी रिकामी होत गेली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. शेवटी उरला तिच्या मामानं नाव घालून दिलेला तांब्या. "भांडा गयात त्यानं काही नही वाटनं," ती म्हणाली. "माले कोनी सांगं नही, त्यानं वाटनं."

वाचता येत नसलं तरी नावाची बाजू कोणती ते तिला हाताला कळे. मी स्टेशनवर गेल्यावर तिनं सगळी भांडी फिरवली होती.

मग तिनं मला भांडी परत करायला लावली. रिकामी नाही, प्रत्येकात चिमूटभर साखर घालून. मी दारोदार गेलो. प्रत्येक बाईनं विचारलं, "जमलं का?" आणि प्रत्येक दारात मला तेच सांगावं लागलं, माहीत नाही.

निरोप यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मी छपाईखात्यात दोनदा रंग चुकवला. शेवटी अंमळनेरहून येणाऱ्या एका माणसाबरोबर आत्यांनी सांगून पाठवलं: घरात बाई नाही हे खरं, पण गल्लीत आहेत. पोरगी देतो.

सुनंदा आली तेव्हा आमच्या फळीवर पुन्हा तीच चार ताटं होती. मी तिच्या चेहऱ्याकडे चोरून बघत होतो. ती फळीकडे बघून नुसती हसली. सकाळी नळावर गेली आणि पुढे उभ्या, गुजराती बोलणाऱ्या बाईला म्हणाली, "तुम्ही गुजराती अक्षरातल्या हंसाबेन ना?" मामांनी तिला सगळी नावं सांगितली होती. दुपारपर्यंत तिनं इंदूबाईंचंही घर शोधून काढलं.

काकीनं तिला मांडणी शिकवली, मला शिकवली होती त्याहून बरी. आमच्या फळीवर हळूहळू भांडी वाढली. मधली जागा तेवढी रिकामी राहिली.

पुढे नानांना लूम झेपेना आणि दोघं दोंडाईच्याकडे गावी निघाले. उधना स्टेशनवर मी सामान चढवलं. काकीच्या मांडीवर तीच थैली, त्यात कापडात गुंडाळलेला तांब्या. गाडी हलताना ती खिडकीतून ओरडली, "पत्रा सैल व्हयेल शे तुना, खिळा ठोक!" मी येतो भेटायला, असं मी म्हणालो. ओव्हरटाइम, मुलाची शाळा, आप्पांचं दुखणं... मी गेलो नाही. ती गेल्याची बातमी आली तीही तिचे दिवस उलटून गेल्यावर.

सुनंदानं बाजारात जाऊन एक पितळी तांब्या घेतला, त्याच्यावर काकीचं नाव घालून आणलं आणि मधल्या रिकाम्या जागेत ठेवला. आता आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. इथं लूमचा हादरा नाही, तरी ती दोन भांड्यांत बोटभर फट सोडते.

येत्या रविवारी आमच्या मुलासाठी मुलीकडचे घर बघायला येणार आहेत. मी काल काचेचे शोपीस आणि प्लास्टिकची फुलं घेऊन आलो आणि फळीवर लावली. सुनंदानं ती काढून पुन्हा पिशवीत भरली. तांब्या मात्र तिनं थोडा पुढे घेतला, नावाची बाजू दाराकडे करून.

"ही वत्सला कोण, असं ते विचारतील," मी म्हणालो.

"विचारू दे की."

ना ती माझी काकी होती, ना नात्यातली, ना जातीतली. आई म्हणावं, तर मी भेटायलासुद्धा गेलो नाही. मी तांब्याकडे बघतो आणि मनातल्या मनात उत्तर जुळवतो. रविवार जवळ येतोय, आणि ते अजून मला जुळत नाही.