माझ्या पोरीची मोठीआई

फोन हातात घेतला की आमच्या जाऊबाई आधी डोक्यावरून पदर घ्यायच्या. व्हिडिओत मध्येच जावईबापू आले तर? तो व्हिडिओ कालचा आहे, तिकडून तुम्ही कोणाला दिसत नाही, हे मी दहादा सांगितलं. "मले तर दिसून राहिले ना ते!" म्हणायच्या आणि पडद्यावरच्या माझ्या पोरीला विचारायच्या, "जेवली काय व, वैशू?" वर उत्तरासाठी थांबायच्या.

माझी पोर, हे मुद्दाम लिहिते आहे. मी लोधीखेड्याच्या शाळेत शिकवायला जायचे आणि इकडे सौंसरला वैशूची वेणीफणी, खाणंपिणं सगळं जाऊबाईंच्या हातून व्हायचं. ठेच लागली तरी तिच्या तोंडून "मोठीआई!" निघायचं. माझा जळफळाट तेव्हापासूनचा.

लग्न होऊन वैशू पुण्याला गेली आणि स्वयंपाकाचे छोटे छोटे व्हिडिओ टाकू लागली. सातवी शिकलेल्या जाऊबाईंनी मोबाइलच्या दुकानात तासभर बसून ते ॲप टाकून घेतलं. मी एम.ए., बी.एड.; मी घेतलं नाही. आईची आठवण आली तर फोन करेल, जगाला दाखवायचं ते मी कशाला पाहू?

"त्यात काय पाहाचं रायते व शोभा? पोरगी वायून बारीक झाली काय, हातात बांगड्या हायेत काय, बस," त्या म्हणाल्या. लोक ही ॲपं का घेतात यावर आम्ही शिक्षकांनी पुष्कळ वाद घातले होते, पण इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं. मला ते पटलं, म्हणून जास्तच राग आला. मग वैशूचा हात भाजला, वैशूनं पाटवड्या केल्या, अशा बातम्या त्या ओट्यावरून द्यायच्या आणि मी ऐकत नसल्यासारखी कपडे वाळत घालायचे.

यंदा पोळ्यानंतर जाऊबाई गेल्या. तेरवीला आलेल्या वैशूनं मला तिचा फोन दाखवला. प्रत्येक व्हिडिओखाली जाऊबाईंनी फोनला बोलून लिहायला लावलं होतं, "तुही माय बी पाहून राहिली बाजूले बसून. लय आवडलं तिले."

"तू पाहून राहिली म्हणूनच मी रोज टाकत होती, आई," वैशू माझ्या गळ्यात पडून रडत म्हणाली. "तुले कोणता आवडला सगळ्यात?"

मी एकही पाहिला नव्हता. "सगळेच," म्हणाले.

जाऊबाई जिवंत असताना त्यांचा इतका हेवा मला कधी वाटला नव्हता.